सालीचं पाणी

संकष्टीच्या संध्याकाळी सासूबाईंचे हात लाल झाले. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज, मग आग. त्यांनी गुपचूप खोबरेल लावलं. चंद्रोदयाला वेळ होता, मोदकांचं सारण व्हायचं होतं, म्हणून मी त्यांच्यापुढे नारळ ठेवला, तर त्यांनी खवणी माझ्याकडे सरकवली. "आज तू खव गो," म्हणाल्या. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, पण संकष्टीचा नारळ त्यांनी मला कधी खवू दिला नव्हता. मी त्यांचे हात धरून उजेडात नेले, तेव्हा मला दिसलं.

"काय लागलं आई?"

"दुर्वा काढलंय सकाळी. दुसरा काय?"

आम्ही लालबागला राहतो. जुनी चाळ पाडून तिथेच इमारत झाली आणि आम्हाला तिसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूची जागा मिळाली. मागे कंपाउंडची भिंत आणि पार्किंग यांच्यामध्ये एक लांबट पट्टा आहे. अर्ध्यात पेव्हर ब्लॉक, अर्ध्यात माती. बिल्डरने मातीत बाग करून देतो म्हणून सांगितलं होतं. त्याने दोन पाम लावले, तेही वाळले. पावसाळ्यात मात्र तिथे आपोआप सगळं येतं. टाकळा, केना, आघाडा, लव्हाळा आणि पेव्हरच्या फटीफटींतून हरळी. हीच हरळी देवघरात गेली की दुर्वा होते. सासूबाई रोज सकाळी लिफ्टने खाली जाऊन मूठभर दुर्वा काढून आणत.

मी खाली जाऊन वॉचमनला विचारलं. आदल्या दुपारी कंत्राटदाराचा माणूस पाठीवर पंप घेऊन आला होता आणि मागच्या सगळ्या गवतावर औषध मारून गेला होता. "डासांचं?" मी विचारलं. "नाही काकू, गवत मारायचं," वॉचमन म्हणाला. पाटी लावली नव्हती, ग्रुपवर मेसेजही नव्हता.

डॉक्टरांनी हात साबणाने धुवायला लावले, मलम दिलं. विशेष काही नाही म्हणाले, दोन दिवसांत उतरेल. उतरलंही. सासूबाईंचं दुखणं वेगळंच होतं. दवाखान्यातून आल्या आल्या त्यांनी गणपतीवरच्या दुर्वा उचलल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळल्या. मी निर्माल्याच्या डब्याचं झाकण उघडून धरलं, तर मान हलवली. निर्माल्याचं खत करतात, त्यात हे जायला नको.

"देवाक विख चढयलंय मी," त्या म्हणाल्या.

माझा नवरा म्हणाला, "आई, देवाला काय होतंय? तुझे हात बघ आधी."

त्या उपास सोडायलाही बसल्या नाहीत. नुसतं दूध घेऊन आडव्या झाल्या. दोन-तीन दिवसांत मागचं बहुतेक गवत तांबूस पडून करपलं. आम्ही खिडकीतून बघत होतो. मला त्यातला टाकळा आठवला. टाकळ्याची भाजी आदल्याच आठवड्यात आमच्याकडे झाली होती.

रविवारी सोसायटीचा सेक्रेटरी घरी आला. चाळिशीचा आहे, सासूबाईंना आजी म्हणतो. त्याने सरळ माफी मागितली. "पाटी लावायला हवी होती आजी. चूक झाली."

"पाटी लावून काय? माका वाचूक येता, मांजराक येता?"

तो हसला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काकू, मला सांगा, मग गवताचं करायचं काय? पेव्हर उचलले जातात, पाणी साठतं, डास होतात. गेल्या वर्षी त्या फटींत पाय अडकून पहिल्या मजल्यावरचे आजोबा पडले. लोक मलाच धरतात. माणूस लावून उपटलं तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पडलेल्या आजोबांना भेटायला मीही गेले होते. चहा पिऊन तो उठला तेव्हा सासूबाई अचानक म्हणाल्या, "आमच्याकडे जाळी रंगवत थंय गवत येय नाय."

"कुठे?" सेक्रेटरी दारात थांबला.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेर मालवणकडचं, अगदी समुद्राला लागून. वडील होडीवर जायचे. तेव्हा जाळी सुताची होती, खाऱ्या पाण्यात कुजायची. म्हणून ऐनाच्या झाडाची साल मोठ्या हंड्यात उकळून त्या पाण्यात जाळी बुडवायचे. जाळं तांबडंलाल व्हायचं आणि टिकायचं. काम झालं की उरलेलं पाणी आणि सालीचा चोथा माडांच्या पलीकडे एका ठरलेल्या जागी ओतायचे. "सगळीकडे गवत गुडघ्याएवढा, आणि थयसर नुसती माती. आमी पोरां थंय गोट्ये खेळू."

सेक्रेटरीने "बघा काकू, तुम्हाला जमतंय का," असं म्हणून विषय माझ्या गळ्यात टाकला. पुढचा फवारा महिनाभर थांबवतो म्हणाला. तो गेल्यावर नवरा म्हणाला, "आता तू आणि आई मिळून?" आणि भुवई उंचावली. त्याचा रोख मला कळला. आमच्यात भांडण असं कधी झालं नाही, पण मिळून एक कामही झालं नव्हतं. स्वयंपाकघरात त्या असल्या की मी बाहेर आणि मी असले की त्या गॅलरीत. मी गिरगावातली, पुस्तकी बोलणारी. त्यांच्या मते मला मासे साफ करता येत नाहीत आणि ते खरं आहे.

पण साल उकळून गवतावर ओतायची म्हटल्यावर मला माझ्या नोकरीचे दिवस आठवले. दादरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सहाय्यक होते. निवृत्त होईपर्यंत बाटल्या भरणं, द्रावणं करणं हेच केलं. झाडाच्या सालीत टॅनिन असतं, लोखंडाचा क्षार घातला की ते काळं पडतं, ही परीक्षा मुलांकडून दरवर्षी करून घेतलेली. त्या टॅनिनने गवताला काय होतं ते मात्र मला कोणी शिकवलं नव्हतं.

ऐनाची साल मुंबईत कुठे मिळणार? दादरला काष्ठौषधींच्या दुकानात गेले. दुकानदाराने अर्जुनाची साल पुढे केली. "हार्टसाठी ना?" मी म्हटलं, "गवतासाठी." त्याने माझ्याकडे नीट पाहून घेतलं. अर्जुनसाल महाग होती, म्हणून बाभळीची घेतली. बाभळीतही टॅनिन भरपूर, चामडं कमावायला तीच वापरतात. घरी आणून रात्रभर भिजवली, सकाळी कुकरच्या भांड्यात उकळली. घरभर ओल्या दोरखंडासारखा, तुरट वास भरला. नवरा ऑफिसला जाता जाता म्हणाला, "चामडं कमावताय की काय?"

पाणी चहासारखं तांबूस झालं. गार करून बादलीत घेतलं आणि आम्ही दोघी खाली गेलो. फवाऱ्याने करपलेल्या भागाच्या पलीकडे, पंपखोलीशेजारी औषध पोचलं नव्हतं, तिथे गवत अजून हिरवं होतं. मी खडूने पेव्हरवर दोन चौकोन आखले. एकात पाणी ओतलं, दुसरा तसाच ठेवला.

"हयसर कित्याक घालूक नाय?" सासूबाईंनी विचारलं.

"तुलना करायला. नाहीतर कळणार कसं, पाण्याने झालं की आपोआप झालं?"

त्यांनी मान डोलावली. पटलं की मला खूश करायला, सांगता येत नाही.

आठवड्याने बघतो तर दोन्ही चौकोनांत गवत मजेत होतं. खरं म्हणजे ज्यात आम्ही पाणी घातलं तिथे किंचित जास्तच तरतरीत. सासूबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. त्यांनी वाकून पाहिलं आणि हसू लागल्या. मोठ्याने हसणं त्यांच्या स्वभावात नाही. पण त्या दिवशी डोळ्यांना पदर लावेपर्यंत हसल्या.

"ह्या तर गवताक चाय पाजल्यासारखा झाला गो!"

मलाही हसू आलं. वर येताना लिफ्टमध्ये पहिल्या मजल्यावरचे आजोबा भेटले, त्यांनी विचारलं काय झालं, तर आम्हाला दोघींना सांगता येईना.

त्या दिवशी दुपारी आम्ही प्रथमच नीट बसून बोललो. मी त्यांना खोदून खोदून विचारलं. हंडा केवढा होता, साल किती, किती वेळ उकळायचे. त्या आठवून सांगत होत्या. हंड्यात माणूस बसेल एवढी साल कोंबायचे. दिवसभर जाळ. पाणी आटून काकवीसारखं व्हायचं. आणि एकदा नव्हे, वर्षानुवर्षं त्याच जागी ओतायचे, चोथ्यासकट. आणखी एक गोष्ट त्यांना बोलता बोलता आठवली. जाळी धुतल्यावर समुद्राचं खारं पाणीही तिथेच जायचं.

"मग ते मीठ असेल आई. मिठाने गवत मरतंच."

"असात," त्या म्हणाल्या. "पण साल पण होती."

मीठ आम्हाला चालणार नव्हतं. पेव्हरखालून पाणी मातीच्या पट्ट्यात जातं, तिथे पुढे काहीच आलं नसतं. त्यामुळे सालीचंच नीट करून बघायचं ठरलं. पण एवढी साल विकत आणणं वेडेपणाचं होतं. मी रस्त्यावरच्या गुलमोहराकडे बघून काहीतरी बोलले असेन, कारण त्या लगेच म्हणाल्या, "जित्या झाडाची साल काढू नको हां. झाड मरता." मी म्हटलं, नाही काढणार.

साल मिळाली ती शेजारच्या गल्लीत. तिथे मंडपवाल्याचं गोदाम आहे. आता बरेच जण लोखंडी पाइप वापरतात, पण त्याच्याकडे अजून निलगिरीच्या बल्ल्या असतात. त्या उन्हापावसात पडून त्यांची साल पापुद्र्यांनी सुटते आणि गोदामात कचरा होतो. मी मागितल्यावर तो म्हणाला, "घेऊन जा काकू, झाडलोट वाचेल." त्याने दोन गोण्या भरून वॉचमनच्या केबिनपर्यंत पोचवल्या. निलगिरीखाली फारसं काही उगवत नाही हे मी ऐकून होते, म्हणून मला ती सालच जास्त भरवशाची वाटली. त्यात उरलेली बाभूळ मिसळली.

आता घरात उकळणं शक्य नव्हतं. सोसायटीच्या पूजेला वापरायचं जुनं पातेलं आणि गॅसची शेगडी सेक्रेटरीने काढून दिली. पातेलं लोखंडी आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही. पाणी उकळू लागलं आणि बघता बघता शाईसारखं काळं झालं. सासूबाई घाबरल्या. "करपला काय ता?" मी म्हटलं, "नाही, ही तर माझी परीक्षा पास झाली," आणि त्यांना लोखंड आणि टॅनिनचं सांगितलं. पूर्वी अशीच शाई करायचे हे सांगितल्यावर त्यांनी त्यात काडी बुडवून पेव्हरवर एक रेघ ओढून पाहिली. ती रेघ बरेच दिवस गेली नाही. आमच्या बादलीतून ठिबकलेले डागही गेले नाहीत. एका पांढऱ्या गाडीच्या मालकाने ग्रुपवर फोटो टाकला आणि सेक्रेटरीला उत्तर द्यावं लागलं. त्यानंतर आम्ही अॅल्युमिनियमचं पातेलं घेतलं.

या वेळी मी पद्धत बदलली. वाढलेल्या गवतावर ओतून उपयोग नाही हे कळलं होतं. म्हणून वॉचमनने आणि मी पेव्हरच्या फटी खुरप्याने आधी साफ केल्या, गवत मुळासकट काढलं. सासूबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कुठे राहिलं ते दाखवत होत्या. मग पावसाची उघडीप बघून त्या मोकळ्या फटींत दाट पाणी घातलं. पुन्हा दोन भाग केले. एकीकडे पाणी, एकीकडे नुसत्या साफ केलेल्या फटी.

पंधरवड्याने फरक दिसला. नुसत्या साफ केलेल्या फटींत बारीक हिरवी दुपानी रोपं रांगेने उभी होती. पाणी घातलेल्या फटींत अगदी तुरळक. मी सासूबाईंना खाली बोलावलं. त्या आल्या, वाकल्या, दोन्हीकडे बघितलं. म्हणाल्या, "बी रुजूक देणा नाय ह्या." हेच नेमकं होतं. रुजलेल्याला हे पाणी मारत नाही, बी रुजू देत नाही. मात्र त्यानंतर तीन दिवस धो धो पाऊस पडला, पाणी वाहून गेलं आणि महिन्याच्या शेवटी दोन्ही भाग पुन्हा सारखेच दिसू लागले.

म्हणून मग चोथ्याकडे वळलो. उकळून उरलेली साल आम्ही गोणीत भरून ठेवत होतो. ती बारीक करून फटींत दाबली आणि मातीच्या पट्ट्यावर बोटभर जाडीने पसरली. हे टिकलं. पावसाने त्यातून हळूहळू रस उतरत राहिला असावा, शिवाय खाली उजेड पोचत नव्हता. कशाचा किती भाग ते मला सांगता येणार नाही. लव्हाळ्याला मात्र कशाचंच काही नव्हतं. त्याची गाठ जमिनीत खोल असते. तो सालीतून सुईसारखा वर आला आणि उभा राहिला. तो आम्ही खणूनच काढला, आणि अजून काढतोय.

भाद्रपद आला. गल्लीत चालायला जागा नव्हती, आमचं मागचं काम थांबलं. गणपती झाल्यावर एक दिवस मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. सासूबाई खालून वर आल्या आणि चपला न काढताच माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"थंय मातीत तू साल घातलंस?"

"हो. सगळ्या पट्ट्यावर घातली. का?"

"मी झेंडू पेरलंय थंय. दसऱ्याक."

मला माहीतच नव्हतं. गेल्या वर्षीच्या हारांतली सुकी फुलं त्यांनी जपून ठेवली होती आणि श्रावणात कधीतरी एकट्याच जाऊन भिंतीकडेने बी टाकून आल्या होत्या. मला सांगितलं नाही, आणि मी साल पसरताना त्यांना विचारलं नाही. आम्ही दोघी खाली गेलो. साल बाजूला करून पाहिली. एक-दोन रोपं पिवळी, लांबट, आडवी पडलेली. बाकी काही नाही.

मला वाटलं आता रागावतील. थोड्या रागावल्याही. "तुज्या पाण्याक काय म्हायत, आपला खंयचा नि परक्याचा खंयचा," त्या म्हणाल्या. मग स्वतःच खुर्ची ओढून बसल्या आणि हाताने साल बाजूला सारायला लागल्या. त्या दिवशी आम्ही भिंतीकडचा तुकडा पूर्ण मोकळा केला, वर नवी माती घातली. झेंडूची वेळ निघून गेली होती. दसऱ्याला दादरच्या फुलबाजारातून फुलं आणली. पण त्या तुकड्यात आम्ही पेव्हरमधून काढलेल्या हरळीच्या काड्या लावल्या. मुद्दाम लावलेली हरळी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. वॉचमनही म्हणाला, "काकू, हेच तर काढत होतो ना आपण?"

दिवाळीनंतरच्या सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीने विषय मांडला. मागच्या बाजूला फवारा बंद, साल चालू. एकाने विचारलं, गवत पूर्ण जाईल याची गॅरंटी काय? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहून सांगितलं की गॅरंटी नाही. वाढलेलं गवत हाताने काढावं लागेल, लव्हाळा खणावा लागेल, साल दर पावसाळ्यात दोनदा तरी घालावी लागेल, जिथे काही पेरायचं तिथे घालायची नाही, आणि पांढऱ्या गाड्या जरा पुढे लावाव्या लागतील. हशा झाला. पहिल्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, मी खुर्चीत बसून जेवढं हाताला येईल तेवढं उपटीन. ठराव झाला. पुढच्या बाजूला, गेटजवळ, फवारा अजूनही होतो. आता आधी पाटी लागते आणि ग्रुपवर मेसेज येतो.

यंदा सासूबाईंचे गुडघे जास्त धरले आहेत. रोज खाली जाणं त्यांना होत नाही. दुर्वा मी आणते. मला निवडता येत नाहीत असं त्यांचं म्हणणं आहे. तीन पात्यांच्या काढायच्या असतात आणि मी घाईत वाटेल त्या खुडते. त्या मी आणलेली जुडी चष्मा लावून पुन्हा निवडतात, नको त्या बाजूला काढतात आणि उरलेल्या देवाला वाहतात.

गेल्या आठवड्यात उघडीप मिळाली म्हणून मी आणि वॉचमन साल घालायला खाली होतो. मंडपवाल्याने यंदाही गोण्या दिल्या आहेत. मी पंपखोलीच्या बाजूने सुरुवात केली. वरून खिडकी सरकल्याचा आवाज आला. सासूबाई गजाला धरून उभ्या होत्या.

"थंय नको गो! तकडे मी मिरची लावलंय!"

"कधी लावलीत?" मी ओरडून विचारलं.

"आजोबांकडून लावून घेतलंय!"

मी वाकून पाहिलं. भिंतीला चिकटून मिरचीची चार-पाच रोपं होती, शेजारी काड्या रोवून त्यांना दोरा बांधलेला. मी गोणी उचलली आणि पलीकडच्या टोकाला गेले.